छोट्या रुळांचे वारस

मुदत ठेवीच्या अर्जात नामनिर्देशनाचा एक रकाना असतो. ठेवीदार तेथे एक नाव लिहितो, सही करतो आणि निश्चिंत होतो. बचत खाते, लॉकर, विमापत्र या सर्वांना ही सोय उपलब्ध आहे. माणसाने आयुष्यभर जोपासलेल्या छंदाला मात्र ती नाही. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, ग्रामोफोनच्या तबकड्या मागे घरात राहतात. परंतु त्या जमवणाऱ्याची दृष्टी, त्याच्या हातातील कसब आणि एखाद्या गोष्टीत तासन्‌तास रमण्याची वृत्ती यांचे हस्तांतरण कोणत्याही अर्जाने होत नाही. ते हयातीतच आणि सावकाश करावे लागते.

खऱ्या रेल्वेच्या प्रमाणबद्ध, धावत्या प्रतिकृती तयार करण्याचा छंद, अर्थात मॉडेल रेल्वे, आज याच प्रश्नासमोर उभा आहे. जानेवारी २०२४ मध्ये, ज्या ब्रिटनमध्ये रेल्वेचा जन्म झाला त्याच ब्रिटनमधून, दोन बातम्या पाठोपाठ आल्या. १९४६ मध्ये लिव्हरपूल येथे सुरू झालेल्या हॅटन्स या मॉडेल रेल्वेच्या नामांकित दुकानाने व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात वॉर्ली मॉडेल रेल्वे क्लब दर वर्षी जे भव्य प्रदर्शन भरवीत असे, ते नोव्हेंबर २०२३ चे प्रदर्शन शेवटचे ठरल्याचेही त्याच महिन्यात स्पष्ट झाले. एवढा डोलारा पेलायला पुरेसे स्वयंसेवक उरले नव्हते. प्रेक्षक होते, मांडव घालणारे हात थकले होते.

हा छंद आता वानप्रस्थाला लागला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु त्याच काळात जगातील काही ठिकाणी शाळकरी मुले या छोट्या रुळांभोवती गर्दी करीत होती. एकीकडे ओहोटी आणि दुसरीकडे भरती, असे का घडते, हे पाहण्यासारखे आहे. त्यातून रेल्वेच्या छंदापलीकडचेही बरेच काही हाती लागते.

चावीच्या खेळण्यापासून प्रमाणबद्ध प्रतिकृतीपर्यंत

चावी दिली की गोल फिरणारी पत्र्याची आगगाडी अनेक घरांतील आजोबांना आठवत असेल. त्या खेळण्याला शिस्त लावण्याचे श्रेय जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीकडे जाते. १८५९ मध्ये गपिंगेन गावी स्थापन झालेली ही कंपनी आरंभी बाहुल्यांच्या भातुकलीची पत्र्याची भांडीकुंडी बनवीत असे. १८६६ मध्ये संस्थापकाचे निधन झाले. त्यानंतर त्यांची पत्नी कॅरोलिन यांनी सुमारे दोन दशके व्यवसायाची धुरा वाहिली आणि १८८८ मध्ये तो मुलांच्या हाती सोपवला. या मुलांनी १८९१ च्या लाइपझिग जत्रेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रुळांची मांडणी आणि तिच्यावर धावणारी गाडी सादर केली. रुळांतील अंतराची मापे त्यांनी ठरवून दिली होती. त्यामुळे एकदा घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी नवे रूळ, नवा डबा, नवे स्थानक जोडता येऊ लागले. आवर्ती ठेवीसारखे हे खेळणे दर वर्षी थोडेथोडे वाढत जाई. खेळण्याचा छंद झाला तो येथे.

ब्रिटनमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी, पुढे मेकॅनो या नावाने घराघरांत पोहोचलेल्या जोडणीच्या खेळण्याचे पेटंट १९०१ मध्ये घेतले आणि १९२० मध्ये चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. विजेवर चालणाऱ्या व टेबलावर मावणाऱ्या गाड्या १९३५ च्या सुमारास रूढ होऊ लागल्या. आज सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ हे प्रमाण १:८७ आहे. म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान केलेली. त्याहून लहान एन हे प्रमाण युरोप-अमेरिकेत १:१६० आहे आणि त्याच्या दोन रुळांत जेमतेम ९ मिलिमीटर अंतर असते. १९७२ मध्ये मेर्कलिनने १:२२० प्रमाणाची गाडी आणली. तिचे इंजिन बोटाच्या दोन पेरांएवढे भरते.

ही लघुरूपे करताना हिशेब मोठा रंजक असतो. आपल्याकडील एलएचबी पद्धतीचा प्रवासी डबा साडेतेवीस मीटरहून थोडा लांब असतो. १:८७ प्रमाणात तो २७ सेंटिमीटरचा होतो आणि बावीस डब्यांची गाडी सुमारे सहा मीटर लांब भरते. दिवाणखान्यात तिचा शेवटचा डबा दारातच राहील. भारतीय ब्रॉडगेजवरील तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरली, तर तेच वळण प्रतिकृतीत दोन मीटर त्रिज्येचे होते. म्हणून छांदिष्टाला पदोपदी तडजोड करावी लागते: डबे किती ठेवायचे, वळण कोठे लपवायचे, डोंगर कोठे उभारायचा. काय वगळले म्हणजे मूळ गाडीचे रूप हरवणार नाही, हे ठरवण्यात त्याची परीक्षा असते.

वय वाढले ते कशाने?

विसाव्या शतकाच्या मध्यात युरोप-अमेरिकेतील मुलाच्या दृष्टीने रेल्वे म्हणजे सामर्थ्याचे सर्वोच्च प्रतीक होते. वाफेचे इंजिन त्याने जवळून पाहिलेले असे. त्याची धग अंगावर घेतलेली असे. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वेवरील वाफेची नियमित वाहतूक १९६८ मध्ये संपली, पश्चिम जर्मनीत १९७७ मध्ये, आणि भारतात ब्रॉडगेजवरील नियमित बाष्पसेवा १९९५ मध्ये थांबली. ज्यांनी ती इंजिने पाहिली होती, त्यांनी आपले बालपण प्रतिकृतींत जतन करून ठेवले. त्यांच्या मुलांचे बालपण मात्र निराळे होते. त्यांच्यासमोर मोटारी होत्या, विमाने होती, नंतर संगणक आला. वडिलांच्या आठवणींचे देखावे मुलांना सुंदर वाटले, पण आपले वाटले नाहीत.

दुसरे कारण घराच्या रचनेत आहे. हा छंद पाश्चात्त्य देशांत माळ्यावर, तळघरात किंवा गॅरेजमध्ये वाढला. वर्षानुवर्षे खपून उभारलेली मांडणी एका खोलीपुरती राहिली. प्रतिकृती जसजशा अचूक होत गेल्या, तसतशा त्या महाग आणि नाजूकही झाल्या. जे खेळणे मुलांसाठी जन्मले, त्याच्या भोवती ‘हात लावू नये’ अशी पाटी आली. मुलांना दुरून पाहण्याची मुभा राहिली. खटका ओढण्याची राहिली नाही.

याची किंमत उत्पादकांनाही मोजावी लागली. सर्वसामान्य घरातील मुलापेक्षा प्रौढ संग्राहक हाच मुख्य ग्राहक, या गृहीतावर अनेक कंपन्या विसंबल्या. मेर्कलिनसारखी मातब्बर कंपनी, कर्जाच्या मुदतवाढीची बोलणी फिसकटल्यावर, फेब्रुवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. ते तिच्या स्थापनेचे १५० वे वर्ष होते. कंपनी आर्थिक अडचणीत येण्यास व्यवस्थापनातील अनेक कारणे होती. पण ग्राहकांच्या नव्या पिढीची उणीव हे त्यांतील दुर्लक्षिता न येणारे कारण होते. २०१३ मध्ये खेळणी बनवणाऱ्या सिम्बा-डिकी समूहाने ती विकत घेतली. आज तीन वर्षांच्या मुलाच्या हाती निर्धास्तपणे देता येईल अशी, प्लॅस्टिकच्या रुळांवर बॅटरीने धावणारी आणि चुंबकाने डबे जोडणारी स्वतंत्र मालिका ही कंपनी विकते. ज्या ग्राहकाला खरेदीचा निर्णय स्वतः घ्यायला अजून वीस वर्षे आहेत, त्याच्याशी आजच नाते जोडणे, हे धोरण बँकेच्या बालखात्याशी परिचित असलेल्यांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

दोन जुळ्या भावांचे धाडस

बंद खोलीतील हा छंद चारचौघांत आणण्याचे सर्वांत ठळक उदाहरण जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये आहे. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे जुळे भाऊ तेथे एक डिस्कोथेक चालवीत. २००० च्या उन्हाळ्यात झुरिक शहरातील मॉडेल रेल्वेच्या एका दुकानात फ्रेडरिक यांची बालपणीची आवड जागी झाली आणि जगातील सर्वांत मोठी मॉडेल रेल्वे उभारण्याची कल्पना त्यांनी भावापुढे मांडली. कल्पना अंगावर येणारी असली, तरी त्यांनी आधी कौल घेतला. हॅम्बुर्गमधील खऱ्या आणि काल्पनिक प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत आपल्या प्रकल्पाचे नाव घालून त्यांनी लोकांची पसंती विचारली. पुरुषांच्या पसंतीत तो तिसरा आला. स्त्रियांच्या पसंतीत अगदी तळाशी.

दुसरा कोणी येथेच थांबला असता. ब्राउन बंधूंनी या उत्तराचा उपयोग आराखडा सुधारण्यासाठी केला. केवळ इंजिने ओळखणाऱ्यांसाठी मांडणी करायची नाही, तर रेल्वेविषयी काहीही ठाऊक नसलेल्या कुटुंबाला दोन तास गुंतवून ठेवील असे एक जग उभारायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांनी शहरातील बचत बँकेचे कर्ज मिळवले आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी बंदरातील जुन्या गोदामांच्या वस्तीत मिनिआटूर वुंडरलांड प्रेक्षकांसाठी खुले झाले. आज तेथे सुमारे सोळा किलोमीटर लांबीचे रूळ, हजारांहून अधिक गाड्या आणि अडीच लाखांहून अधिक चिमुकल्या मानवाकृती आहेत. दर पंधरा मिनिटांनी दिवस मावळून रात्र होते आणि लक्षावधी दिवे उजळतात. रस्त्यांवर संगणकाच्या आज्ञेने मोटारी धावतात, आगीचे बंब घंटा वाजवीत निघतात; २०११ पासून तेथील विमानतळावरून विमानेही उड्डाण करतात. वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक लोक हे पाहण्यास येतात.

लहान मुलांना मात्र सर्वांत प्रिय आहेत ती दोनशेहून अधिक बटणे. ती प्रेक्षकांनीच दाबायची असतात. एक दाबले की खाणीतील गाडी हलते, दुसरे दाबले की कारखान्यातून खऱ्या चॉकलेटचा तुकडा बाहेर येतो. ‘हात लावू नये’ या पाटीला दिलेले हे चोख उत्तर आहे. जानेवारी महिन्यातील ठरावीक दिवशी तेथे आणखी एक प्रथा पाळली जाते. ज्याला तिकीट परवडत नाही, त्याने तसे सांगायचे. त्याला विनामूल्य आत सोडतात आणि कसलाही पुरावा मागत नाहीत. नवी पिढी म्हणजे केवळ सुखवस्तू घरांतील पिढी नव्हे, याचे भान त्यात आहे.

पुण्यातील चिमुकली नगरी

हाच विचार हॅम्बुर्गच्याही आधी महाराष्ट्रात एका माणसाने आपल्या बळावर प्रत्यक्षात आणला होता. पुण्यातील भाऊसाहेब जोशी यांना लहानपणापासून छोट्या आगगाड्यांचा नाद होता. आपली हलती मांडणी त्यांनी आधी प्रदर्शनांतून लोकांसमोर आणली आणि पुढे कायमस्वरूपी जागा उभारण्याचा ध्यास घेतला. १ एप्रिल १९९८ रोजी कर्वे रस्त्यालगत, कोथरूड परिसरात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले. प्रेक्षक सभोवती उभे राहतात, निवेदन सुरू होते आणि समोरच्या चिमुकल्या नगरीतून वाफेच्या इंजिनापासून वेगवान विद्युत गाड्यांपर्यंत एकेक गाडी धावू लागते. सिग्नल बदलतात, सांधे सरकतात, उड्डाणपुलांखालून डबे निघून जातात. संध्याकाळ होते आणि नगरीचे दिवे लागतात.

शालेय सहलींच्या यादीत शनिवारवाडा आणि केळकर संग्रहालय यांच्याबरोबर या जागेने स्थान मिळवले. आपल्याकडे मॉडेल रेल्वेची दुकाने नाहीत, क्लब विरळ आहेत, घरे लहान आहेत. अशा परिस्थितीत एखाद्या मुलाने ही गोष्ट पहिल्यांदा पाहावी तरी कोठे, या प्रश्नाचे उत्तर एका कुटुंबाने दिले. संस्थापकांच्या पश्चात पुढील पिढी हे संग्रहालय चालवीत आहे. छंदाच्या वारशाचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

प्रेक्षकाचा कारागीर होतो तेव्हा

पाहिल्याने आवड जागते, पण ती टिकेलच असे नाही. २००१ मध्ये हॅरी पॉटरचा पहिला चित्रपट आला, तेव्हा हॉर्नबी कंपनीच्या हॉगवर्ट्स एक्स्प्रेसला मोठी मागणी आली. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या असंख्य कुटुंबांनी माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या आणि या छंदाच्या बाजारपेठेत पुन्हा जान आली. अशा लाटा येतात आणि ओसरतात. त्यांतून आलेल्या मुलाने थांबावे, यासाठी त्याच्याकडे काही काम असावे लागते.

ही बाब जपानने नेमकी हेरली आहे. तेथे लहान मुलांच्या हाती प्रथम येते ते प्लारेल हे प्लॅस्टिकचे रेल्वे खेळणे. १९५९ पासून त्याच्या निळ्या रुळांचे माप बदललेले नाही; वडिलांचे रूळ मुलाच्या रुळांना आजही जोडता येतात. पुढची पायरी शाळेत आहे. अनेक माध्यमिक शाळांत रेल्वे मंडळे असतात आणि दर उन्हाळ्यात शालेय विद्यार्थ्यांची राष्ट्रीय मॉडेल रेल्वे स्पर्धा भरते. प्रत्येक शाळेने ठरावीक मापाच्या फळीवर एक देखावा साकारायचा असतो. कोणी आपल्या गावचा पूल करते, कोणी देवळासमोरील स्थानक, कोणी भूकंपापूर्वीचा किनारा. मुलींच्या शाळांचे संघही हिरिरीने उतरतात. रुळांची टोके ठरलेल्या जागी असल्याने वेगवेगळ्या शाळांच्या फळ्या एकमेकींना जोडता येतात आणि एकच गाडी साऱ्यांच्या गावांतून धावू शकते. आपली फळी नीट जमली नाही, तर शेजारच्या शाळेची गाडीही घसरेल, ही जाणीव चौदा वर्षांच्या मुलाला जितके शिकवते, तितके एखादे व्याख्यान क्वचितच शिकवील.

जागेच्या टंचाईवरही जपानी लोकांनी तोडगा काढला. तेथील शहरांत भाड्याची मांडणी मिळते: आपली गाडी खोक्यात घालून न्यायची, तासाचे भाडे भरायचे आणि दुकानातील मोठ्या मांडणीवर ती मनसोक्त धाववायची. टी-ट्रॅक या नावाने जगभर पसरलेल्या पद्धतीत तर सुमारे एक फूट लांबीची फळी पुरते. ती कपाटात उभी ठेवता येते आणि मित्रांच्या फळ्यांना टेबलावर जोडता येते. ब्रिटनमध्ये हॉर्नबीनेही २०२२ मध्ये लहान घरे आणि नवे ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून १:१२० या छोट्या प्रमाणाची मालिका काढली.

खटक्यांतून संगणकाकडे

‘आजकालची मुले पडद्यातून डोके वर काढत नाहीत’ ही तक्रार या छंदाच्या वर्तुळातही ऐकू येते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजेच एमआयटीत, १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचा एक मॉडेल रेल्वे क्लब स्थापन झाला. त्यातील काही जण डोंगर, घरे आणि इंजिने घडवीत. दुसरा गट मांडणीच्या खाली, तारांच्या जंजाळात रमलेला असे. टेलिफोन केंद्रातील जुने रिले वापरून कोणती गाडी कोणत्या रुळावर जाईल, हे ठरवणारी यंत्रणा या सिग्नल आणि वीज गटाने उभारली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेत संगणक आले, तेव्हा रात्री त्यांच्याभोवती गोळा झालेल्या पहिल्या तरुणांत हीच मुले होती. संगणकाच्या जगात पुढे जगभर गेलेला ‘हॅक’ हा शब्द त्यांच्याच बोलीतला. आरंभीच्या संगणकीय खेळांपैकी गाजलेला स्पेसवॉर हा खेळ १९६२ मध्ये साकारणारे स्टीव्ह रसेल याच क्लबचे सदस्य होते.

म्हणजे संगणकाने मुले पळवली, हे अर्धेच सत्य आहे. संगणकाची काही मुळे याच रुळांखाली आहेत. आज तर हे नाते अधिकच जवळचे झाले आहे. जुन्या पद्धतीत रुळांतील विजेचा दाब वाढवला की त्या रुळावरील सगळी इंजिने एकदम पळत. १९९० च्या दशकात प्रमाणित झालेल्या डिजिटल पद्धतीत रुळांतून वीज आणि सांकेतिक आज्ञा एकत्र जातात. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि जणू खाते क्रमांक पाहून रक्कम जमा व्हावी, तशी आज्ञा नेमक्या इंजिनापर्यंत पोहोचते. मोबाइलवरून गाडी चालवता येते. सिग्नल आणि सांध्यांसाठी विनामूल्य संगणक प्रणाली उपलब्ध आहेत. डब्याचा आराखडा पडद्यावर काढून तो त्रिमिती मुद्रकावर छापता येतो. ज्या मुलाला वाफेच्या इंजिनाचे आकर्षण नाही, त्याला या कामाचे असू शकते. त्याला त्याच दाराने आत घ्यावे.

आपल्या घरात, आपल्या शाळेत

भारतात या छंदाच्या वाटेवर काही खऱ्या अडचणी आहेत. अचूक प्रतिकृती बहुतांशी परदेशातून येतात. देशी उत्पादनाला संरक्षण देण्यासाठी खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. त्यामुळे परदेशी गाडी सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेली. शिवाय आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर, तर जगातील बहुसंख्य प्रतिकृती १४३५ मिलिमीटरच्या रेल्वेवर बेतलेल्या. १:८७ प्रमाणात आपली गाडी सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या रुळांवर हवी. बाजारात मिळतात ते साडेसोळाचे. भारतीय गाडी हुबेहूब करायची, तर बरेच काही स्वतःच घडवावे लागते.

पण हीच उणीव शिकणाऱ्याला उपकारक ठरते. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, लाकडाचा भुसा, जुन्या खेळण्यातील मोटर आणि थोडे रंग यांतून पश्चिम रेल्वेचे एखादे लहान स्थानक किंवा कोकण रेल्वेचा एखादा बोगदा सहज उभा राहतो. अटल नवोन्मेष अभियानातून २०१६ पासून देशभरातील दहा हजारांहून अधिक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्रिमिती मुद्रक, संवेदक, सूक्ष्म नियंत्रक ही सामग्री तेथे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. त्या दहा दिवसांत वर्गाने मिळून एक फळी करावी. प्रमाण काढताना गुणोत्तर येते, वळण आखताना भूमिती येते, सिग्नल जोडताना विद्युत मंडल येते आणि आपल्या गावचे स्थानक घडवताना गावाचा इतिहासही विचारावा लागतो. फलाटावरील चहाची टपरी नेमकी कोठे होती, हे आजीशिवाय सांगणार कोण?

विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मात्र मुलांनाच असावे. आजोबांना डेक्कन क्वीन प्रिय असेल, नातीला वंदे भारत किंवा आपल्या घरावरून जाणारी मेट्रो. तिच्या फळीवर मेट्रोच धावली पाहिजे. वेळेची मर्यादाही लक्षात घ्यावी. वीस वर्षे खपून पूर्ण होणाऱ्या मांडणीचे स्वप्न मुलाला दाखवण्यापेक्षा, दिवाळीच्या सुटीत पूर्ण होईल अशी एक फूट फळी त्याला द्यावी. दिवाळीतला किल्ला ज्या उत्साहाने होतो, त्या उत्साहाला रुळांची जोड दिली की पुरे. पहिली फळी वाकडी होईल, डबा घसरेल. तो पुन्हा रुळावर कसा ठेवायचा, हे दाखवायला शेजारी कोणीतरी बसलेले असावे, एवढीच अपेक्षा.

वडीलधाऱ्यांची नोंदवही

म्हणून या विषयातील मुख्य जबाबदारी तरुणांची नसून वडीलधाऱ्यांची आहे. ज्यांच्या घरी असा संग्रह आहे, मग तो रेल्वेचा असो वा अन्य कशाचा, त्यांनी एक नोंदवही ठेवावी. कोणती वस्तू कोठून आणि कधी घेतली, तिची किंमत काय, कोणती तार कोठे जाते, कोणता सांधा हट्टी आहे, तेल कोठे आणि किती घालायचे, हे त्यात लिहावे. अशा नोंदींअभावी अनेक मौल्यवान संग्रह मालकाच्या पश्चात अडगळ समजून उचलले जातात. नोंद असेल, तर निदान तो जाणकाराच्या, संग्रहालयाच्या किंवा शाळेच्या हाती सुखरूप पोहोचतो.

मात्र नोंदवही वस्तू सांभाळते, आवड सांभाळत नाही. तिच्यासाठी संग्रहातील एखादी गाडी, शक्यतो आवडती, हयातीतच मुलाच्या हाती द्यावी लागते आणि ती एकदा तरी खाली पडणार, हे मान्य करावे लागते. खटका सोडून स्वतः बाजूला उभे राहणे प्रत्येक पिढीला जड जाते; घरातील आर्थिक व्यवहार मुलांवर सोपवतानाही हाच अनुभव येतो. वॉर्लीच्या मांडवाला अखेरीस हातांची वाण पडली. पुण्यात आणि हॅम्बुर्गमध्ये प्रेक्षकांना दार मोकळे झाले, जपानमधील शाळांत मुलांच्या हाती कामच सोपवले गेले, आणि तेथे नवे हात येत राहिले.

ठेवीच्या अर्जावर नामनिर्देशिताचे नाव लिहायला एक मिनिट लागतो. छंदाच्या बाबतीत ते नाव लिहायला काही रविवार द्यावे लागतील. येत्या सुटीत माळ्यावरची एखादी पेटी खाली उतरवायला आणि घरातील सर्वांत लहान हाताला ती उघडू द्यायला हरकत नाही.